कोकणातल्या पहिल्या पावसाळ्यासाठी रेनकोट कसा निवडावा

बदल्यांचे आदेश बहुतेक मे महिन्यात निघतात. त्यामुळे बँकेतले, शाळेतले, पंचायत समितीतले नवे लोक कोकणात उतरतात ते नेमके पावसाच्या तोंडावर. खोली मिळते, गॅसची सोय होते, डबा लावून होतो आणि रेनकोटचं मात्र ‘बघू नंतर’ म्हणून राहून जातं. घाटावरून येताना बॅगेत एक रेनकोट असतोच, तिकडचे चार पावसाळे काढलेला. इथे तो पहिल्याच आठवड्यात हात टेकतो. मग भर पावसात बाजारात जाऊन जो उरलाय तो, ज्या मापाचा उरलाय त्या मापाचा कोट गळ्यात पडतो.

पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या पुढे जातो आणि आंबोलीला सात हजारांच्या आसपास. सरकारी हिशेबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात. जुलैत इथे असा दिवस उजाडला तर शाळेला सुट्टी आहे का, एवढीच काय ती चौकशी होते. पण खरा फरक आकड्यात नाही. पाऊस तासन्‌तास थांबत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि हवा इतकी दमट असते की एकदा भिजलेली वस्तू दोन दिवस वाळत नाही. म्हणून इथल्या रेनकोटला दोन पाण्यांशी झुंजावं लागतं: वरून पडणाऱ्या आणि आत अंगावरून निथळणाऱ्या. दुकानात सगळे पहिल्या पाण्याची चौकशी करतात. दुसऱ्याची चौकशी करायला पहिला पावसाळा जावा लागतो, तो तुमचा जाऊ नये म्हणून हे पुढचं सगळं.

पंधरा मेच्या आत दुकान गाठा

जुन्या हिशेबाने मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं आणि पाऊसही त्याच आठवड्यात दारात येतो. या हिशेबावर फार विसंबू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात दाखल झाला. लोकांची घरं शाकारायची राहिली होती, लाकडं भरायची राहिली होती, रेनकोट तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

दुकानात नवा माल येतो तो मेच्या तोंडावर. मधली मापं मुबलक असतात. एक्सेल, डबल एक्सेल आणि बायकांची मापं आधी संपतात. पहिली सर पडून गेली की दुकानात अशी झुंबड उडते की कोट अंगात घालून बघायलाही जागा मिळत नाही, भाव करणं तर दूरच. पुढे सांगितलेल्या तपासण्या करायच्या तर दुकान रिकामं हवं आणि दुकानदाराला वेळ हवा. मेच्या दुपारी तीन वाजता दोन्ही मिळतात.

तुमचा दिवस कसा जातो ते आधी ठरवा

चालत किंवा एसटीने जाणार असाल तर मुख्य हत्यार छत्री, कोट दुय्यम. छत्री लांब दांड्याची, मोठ्या घेराची घ्या. तिपदरी घडीची छत्री पर्समध्ये छान मावते आणि समुद्रावरच्या वाऱ्यात तेवढीच छान उलटी होते. जोडीला गुडघ्याखाली पोचणारा हलका कोट पुरे. तो एसटीतही अंगावरच ठेवा, कारण खिडकीची काच खाली सरकलेली असली की झड सरळ मांडीवर येते.

दुचाकीवर जाणार असाल तर जॅकेट आणि पँट असा दोन भागांचाच घ्या. यात तडजोड नाही. नुसता लांब कोट घालून स्कूटरवर बसलं की पुढचे दोन्ही पदर वाऱ्याने उघडतात आणि दहा मिनिटांत मांड्या भिजतात. मागे बसलेल्याने छत्री उघडायची, हा प्रकार इथे रोज दिसतो. तो करू नका. छत्रीत वारा भरला की गाडी कुठे जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

तलाठी, कृषी सहायक, वायरमन, म्हणजे बांधावर आणि चिखलात काम असणाऱ्यांनी दिसण्याचा विचार सोडून जाड पीव्हीसीचा कोट आणि गमबूट घ्यावेत. काटेरी कुंपण, करवंदीची जाळी, खांबावरची चढउतार यात पातळ नायलॉन टिकत नाही. गमबुटाचं कारण नुसता चिखल नाही. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो आणि पायावरची लहानशी जखमही त्याला पुरते.

इथे इरल्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर. ते डोक्यावरून पाठीवर उतरतं, दोन्ही हात मोकळे राहतात, पुढची बाजू उघडी असते. वाकून लावणी करणाऱ्या बाईची पाठ कोरडी आणि अंगाला वारा चालू. आता बहुतेक शेतांत त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, पण घालायची तऱ्हा तीच: पाठ झाकायची, पुढून हवा खेळू द्यायची. कारखान्यातल्या रेनकोटमध्ये आपल्याला हेच शोधायचं आहे.

कापड: पाणी अडवणं सोपं, घाम काढणं अवघड

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हेचं कापड मिळतं.

पहिलं पीव्हीसी. जाड, थोडं चकचकीत, नवं असताना वास मारणारं. याच्यातून पाणी अजिबात येत नाही आणि हवाही अजिबात जात नाही. घडीवर मोडत मोडत शेवटी तिथेच चिरतं. अंगाला चिकटतं, वजनाला जड, पण स्वस्त आणि काटक.

दुसरं म्हणजे आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) लेप दिलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर. दुकानदार याला नुसतं ‘नायलॉनचा’ म्हणतो. हलकं, घडी लहान होणारं, बरं दिसणारं. बहुतेक नोकरदारांनी हेच घ्यावं. लेप आहे की नाही ते ओळखायला कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंका. पलीकडे हवा गेली तर लेप नाही किंवा निघाला आहे. तो कोट रिमझिमीपुरता.

तिसरं ‘श्वास घेणारं’ कापड, म्हणजे गोर-टेक्स आणि त्या जातीची, कापडाच्या आत पातळ पडदा बसवलेली जॅकेटं. यात बाहेरचं पाणी अडतं आणि आतली वाफ सूक्ष्म छिद्रांतून बाहेर जाते. हिमालयात ट्रेकला जाणारे यावर जीव टाकतात आणि ते बरोबरच आहे. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी किंवा थंड लागते. जुलैत कोकणातली हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट आणि वर उबदार. आत घाम आणि बाहेरही जवळजवळ तीच वाफ, मग ती जाणार कुठे? शिवाय वरच्या कापडाचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड भिजून जड होतं आणि छिद्रं पाण्याच्या थराखाली झाकली जातात. म्हणून आठ-दहा हजारांचं जॅकेट घालूनही खारेपाटणच्या पुलावर माणूस आतून चिंब असतो. तुमच्याकडे आधीच असेल तर वापरा. मुद्दाम कोकणासाठी घेऊ नका.

घामावर इथे चालणारा उपाय साधा आहे: हवेला वाट. पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी, काखेत छोटी झरोक्यांची भोकं किंवा चेन, आणि आत जाळीचं अस्तर. जाळीच्या अस्तराने हवा फार खेळते असं नाही, पण ओला लेप कातडीला चिकटत नाही आणि सुटकेचा अर्धा आनंद त्यातच असतो. सॅटिनचं गुळगुळीत अस्तर दुकानात देखणं दिसतं. ते घाम पितं आणि रात्रभर वाळत नाही.

रबराचा थर दोन कापडांच्या मधे घालून केलेल्या पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं पेटंट स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली घेतलं. दोनशे वर्षं झाली, आत घाम येतो ही तक्रार काही मिटलेली नाही.

लेबलवर कधी १५००, ३०००, ५००० असा मिलिमीटरमधला आकडा असतो. त्याचा पावसाच्या मिलिमीटरशी संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो किती उंच होईपर्यंत कापड गळत नाही, ते तो सांगतो. चालणाऱ्याला १५०० ते २००० पुरतो. दुचाकीवर थेंब वेगाने आपटतात आणि सीटवर आपलं सगळं वजन ओल्या कापडावर दाबलेलं असतं, म्हणून ५००० च्या खाली जाऊ नका. आकडा लिहिलेलाच नसेल तर मग शिवण बघायची. ती तशीही बघायचीच आहे.

शिवण: पैसे इथे खर्च करा

रेनकोट कापडातून क्वचित गळतो, गळतो तो शिवणीतून. सुई गेली की भोक पडलं, आणि एका कोटात अशी हजारो भोकं असतात.

दुकानात कोट हातात आला की पहिलं काम, तो उलटा करा. आतून प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंद, पारदर्शक किंवा राखी पट्टी गरम करून चिकटवलेली दिसली पाहिजे. तिच्या कडेला नख लावून बघा. कड सहज उचलली जात असेल तर ती ऑगस्टपर्यंत सुटणार. मग तीन जागा नीट न्याहाळा. काख, जिथे बाही, पुढा आणि पाठ एकत्र येतात. टोपीचा मानेशी जोड. आणि पँटमध्ये दोन पाय जिथे जुळतात ती जागा. या शेवटच्या जागी चार शिवणी एका बिंदूत येतात, गाडीवर बसलं की सगळं ओघळलेलं पाणी सीटवरच्या खळग्यात साचतं आणि आपण त्यावर बसलेले असतो. बरेच कारखाने बाकी सगळीकडे पट्टी मारतात आणि नेमकी इथे हात आखडता घेतात. काही पँटींना या जागी आतून कापडाचा जादा चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो. तसा मिळाला तर शंभर-दोनशे रुपये जास्त द्या, डोळे झाकून.

दुकानदार म्हणेल, ‘‘साहेब, पाणी नाय येवचा, ग्यारंटी.’’ त्याला म्हणा, ‘‘दादा, ग्यारंटी राहू दे, पँट उलटी करून दाखवा.’’ चांगला माल असेल तर तो हसत दाखवतो.

चेन बघा. ती प्लास्टिकच्या दातांची हवी. खाऱ्या वाऱ्यात धातूची चेन एका हंगामात हिरवी पडते आणि अडकायला लागते. टिचबटणांचंही तेच. चेनवर कापडाची पट्टी हवी, दुहेरी असेल तर उत्तम, म्हणजे एकीवरून पाणी आत आलं तरी दुसरीवर अडतं. वेल्क्रो चिखलाने भरला की धरत नाही, म्हणून नुसत्या वेल्क्रोवर भागवलेला कोट नको. बाहेरच्या खिशाला झाकण आणि तळाला पाणी निघून जायला भोक नसेल तर तो खिसा पाणी भरायलाच आहे असं समजा. मोबाईल, पाकीट, गाडीची कागदपत्रं आतल्या खिशात, तीही प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

टोपी चालणाऱ्याला हवीच. गाडीवर मात्र ती हेल्मेटच्या आत घालायची असते, म्हणून पातळ, घट्ट बसणारी आणि नजर न अडवणारी बघा. टोपी हेल्मेटवरून ओढली तर बाजूचं काही दिसत नाही आणि वाऱ्याने ती मागे फडफडत राहते. बटणांनी काढता येणारी टोपी सोयीची, पण बटणांच्या फटींतून मानेवर पाणी उतरतं. मला जोडलेलीच टोपी बरी वाटते. नको तेव्हा कॉलरमध्ये गुंडाळून जाते.

घरी आणल्यावर लेबल काढायच्या आधी एक परीक्षा घ्या. पँटचा दोन पायांमधला जोड खाली येईल अशी ती खोलगट धरा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं बादलीवर टांगून ठेवा. तळाला ओल आली, थेंब जमला की त्याच दिवशी परत करा. पाऊस सुरू झाल्यावर ‘वापरलेला माल परत होत नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे.

आणखी एक. कोट ढगळ वाटला म्हणून शिंप्याकडे कंबर किंवा बाजू आवळायला देऊ नका. नवी शिवण म्हणजे नवी भोकं, त्यांवर पट्टी मारायचं यंत्र त्याच्याकडे नसतं. पँटची खालची मोहरी दुमडून घेतली तर चालते, तिथून गळून काही बिघडत नाही.

माप उभ्याने नाही, बसून घ्या

आरशासमोर उभं राहून कोट बरोबर बसला म्हणजे तो गाडीवर आखूड होणार हे नक्की. दुकानदाराला विचारून बाहेर उभ्या केलेल्या आपल्या गाडीवर जाऊन बसा. दोन्ही हात हँडलवर ठेवा. मनगट उघडं पडतं का? पाठ वर सरकून कंबर दिसते का? पँट पोटरीवर चढते का? जॅकेट आणि पँट एकमेकांवर निदान वीतभर आली पाहिजेत आणि पँटने बसल्यावरही चपलेचा पट्टा झाकला पाहिजे. नेहमीच्या शर्टापेक्षा एक माप मोठं घ्या, पाठीवर बॅग आतून घेणार असाल तर दोन. सैल कोटात हवा खेळते, घट्ट कोटात घाम येतो आणि ताण पडून शिवण उसवते.

पँटच्या खालच्या बाजूला चेन किंवा रुंद फट असली तर बूट न काढता घालता येते. हायवेवर एखाद्या टपरीच्या पत्र्याखाली एका पायावर उभं राहून पँट चढवताना याची किंमत कळते. बाहीच्या आत दुसरी इलॅस्टिकची बाही असेल तर मनगटातून वर येणारं पाणी थांबतं.

साडीवर दोन भागांचा रेनकोट बसत नाही. घेरदार, स्कर्टसारखा खालचा भाग असलेले कोट मिळतात, पण त्यांचा आणि पदराचा चाकाशी संबंध येणार नाही याची खात्री करून घ्या. बऱ्याच शिक्षिका पावसाळाभर सरळ पंजाबी ड्रेस घालतात आणि ओढणी पर्समध्ये ठेवतात. ते शहाणपणाचं आहे. मुलांसाठी पाठीला दप्तराचा फुगवटा ठेवलेला कोट घ्या. दोन वर्षं पुरावा म्हणून पायघोळ घेतलात तर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना त्यात पाय अडकतो, आणि शेवाळलेल्या जांभ्यावर तोल गेला तर सावरायला काही नसतं.

रंग आणि रूप

दुकानात तीन ढीग असतात: काळा, नेव्ही ब्लू, मिलिटरी हिरवा. मळ दिसत नाही म्हणून लोक तेच घेतात. परशुराम घाटात, नाहीतर आंबोलीच्या वळणांवर, दुपारी चारला धुकं उतरलं की काळा कोट घातलेला दुचाकीवाला समोरच्या ट्रकला दिसतच नाही. पिवळा, नारिंगी, पोपटी यांतला एक रंग निवडा आणि पाठीवर, दंडावर चकाकती पट्टी आहे ना बघा. नसेल तर सायकलच्या दुकानातून चिकटपट्टी आणून लावा. शिवू नका, चिकटवा.

छान दिसायचं असेल तर त्यालाही जागा आहे. कमरेला पट्टा, दुहेरी बटणं, गुडघ्यापर्यंत लांबी असे कोट हल्ली मिळतात आणि ऑफिसच्या पायऱ्या चढताना ते रुबाबदार दिसतात. रिक्षाने येणाऱ्याजाणाऱ्याने जरूर घ्यावेत. बटणांमधून वारा आत शिरतो, म्हणून भाट्ये पुलावर दुचाकीवरून जायला ते उपयोगाचे नाहीत. तिथे वारा समुद्राकडून सरळ अंगावर येतो आणि पाऊस वरून पडतो की बाजूने हे सांगता येत नाही. फुलाफुलांचे पारदर्शक कोट मुंबईच्या लोकलपुरते ठीक. इथे महिन्याभरात ते दुधाळ होतात आणि घड्यांमध्ये काळे ठिपके धरतात.

किंमत, आणि एकाऐवजी दोन

भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, पण अंदाज यावा म्हणून सांगते. कागदासारखा पातळ, डोक्यातून घालायचा कोट शंभराच्या आत-बाहेर मिळतो. तो डिकीत पडून असावा, पाहुण्यासाठी. पीव्हीसीचा जॅकेट-पँट जोड साधारण पाचशे ते आठशे. पट्टी मारलेल्या शिवणीचा, पीयू लेपाचा चांगला जोड हजार ते अडीच हजार. त्यापुढे पैसे मुख्यतः नावाचे, नाहीतर त्या श्वास घेणाऱ्या पडद्याचे, आणि तो पडदा इथे का चालत नाही ते वर आलंच आहे. आपल्याकडे डकबॅकसारखं १९२० पासूनचं जुनं नावही आहे आणि गल्लीतल्या शिलाईचा बिननावाचा मालही. नाव बघून नाही, उलटा करून घ्या.

माझं ठाम मत असं की बजेट अडीच हजारांचं असेल तर ते एका कोटावर घालू नका. दीड हजारांत एक चांगला पीयूचा आणि हजाराच्या आत एक पीव्हीसीचा घ्या. कारण साधं आहे: संध्याकाळी भिजून आलेला कोट सकाळी आठला वाळलेला नसतो. बाहेरून पुसता येतो, पण आतलं अस्तर, बाहीचं इलॅस्टिक, कॉलर ओलंच राहतं. ओला, गार, कुबट वासाचा कोट सकाळी अंगावर चढवण्याइतकं वाईट काही नाही. दोन कोट असले की एक वाळतो आणि एक वापरता येतो. पुनर्वसूतल्या तरण्या पावसातून पुष्यातल्या म्हाताऱ्या पावसापर्यंत महिनाभर ऊन न दिसणारे दिवस येतात, तेव्हा हा हिशेब पटतो.

आत काय घालायचं

कोकणात थंडी वाजत नाही असं घाटावरच्यांना वाटतं. ओल्या शर्टाने तासभर गाडी चालवल्यावर आंबा घाटाच्या वरच्या अंगाला दात वाजतात. पण त्यासाठी उबदार अस्तराचा रेनकोट घेऊ नका, खाली उतरलात की त्यात उकडून निघाल. ऊब वेगळी ठेवा. एक पातळ फ्लीस किंवा लोकरी बनियन बॅगेत ठेवा, घाट चढायच्या आधी घाला, उतरल्यावर काढा. लोकर भिजली तरी काही ऊब धरून ठेवते. धनगरांनी घोंगडीची खोळ उगाच नाही पांघरली.

जीन्स पावसाळाभर कपाटात. भिजली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. पातळ टेरिकॉटची किंवा खेळाच्या कपड्यांची पँट, तसाच शर्ट. ऑफिसात एक कोरडा जोड, टॉवेल आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत कायम ठेवा. पायात रबरी सँडल, कातडी चप्पल नको.

रोजचं वाळवणं

घरी आल्यावर कोट पडवीतच झटका, घरात आणू नका. चिखल असेल तर साध्या पाण्याने खळखळून घ्या. मग उलटा करून रुंद हँगरला लावा, बाह्या पसरून, चेन उघडी ठेवून. दांडीवर दुमडून टाकला तर घडीवर वाळत नाही आणि तिथूनच बुरशी सुरू होते. पंख्याखाली दोन-तीन तास ठेवला की बरंच काम होतं. चुलीच्या किंवा शेगडीच्या धगीजवळ टांगला तर लेप सुटतो, पीव्हीसी तर वितळूनच येतं. इस्त्री नाही, वॉशिंग मशीन नाही, डिटर्जंट नाही. डाग पडला तर अंगाच्या साबणाचं पातळ पाणी आणि मऊ फडकं.

सर्वांत जास्त कोट मरतात ते डिकीत. संध्याकाळी ओला कोंबला आणि रविवारी आठवण झाली, असं दोनदा झालं की पुढे तो कितीही धुतला तरी वास जात नाही. काळे ठिपके दिसू लागले तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने पुसा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा.

चेन अडकू लागली तर मेणबत्ती दोन्ही बाजूंनी घासा. महिन्यातून एकदा पुरे. तेल लावू नका, त्यावर रेती बसते.

हंगाम संपल्यावर

हस्ताचा पाऊस ओसरला, नवरात्र-दसरा झाला की कोट लगेच ट्रंकेत टाकू नका. परतीच्या सरी दिवाळीपर्यंतही येतात. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी दोन्ही कोट धुवून, दोन दिवस सावलीत वाळवून मगच ठेवा, तेही घडी न घालता, हँगरला टांगून वरून जुनी चादर टाकून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर उरलेली ओल आतच कोंडते.

पीयूच्या लेपाचं एक दुखणं आहे, ते माहीत असलेलं बरं. ऊब आणि ओल मिळून तो लेप हळूहळू कुजतो. न वापरताही कुजतो. आधी आतून चिकट लागतो, मग भुसा सुटल्यासारखा गळायला लागतो. कोकणच्या हवेत चांगला सांभाळलेला कोट तीन-चार हंगाम देतो. त्याहून जास्तीची अपेक्षा धरू नका आणि ‘पाच वर्षांचा आहे पण नव्यासारखा’ असा कुणाचा जुना कोट विकत घेऊ नका. पीव्हीसीला हा रोग नाही, तो मोडतो तो घडीवर.

एप्रिलअखेर कोट काढून उजेडासमोर धरा. लेपाला हात लावून बघा, पट्ट्या तपासा, तांब्याभर पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या. एखादी पट्टी सुटली असेल तर तंबू-रेनकोटसाठी मिळणारा शिवण बुजवायचा डिंक आतून लावा आणि चोवीस तास सुकू द्या. लेपच चिकट झाला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. नवा घ्या. जुन्याच्या पाठीचा तुकडा लाकडांच्या रचेवर टाकायला नाहीतर गाडीच्या सीटवर बांधायला अजून एक पावसाळा चालतो.